शनिवारी कोण येतं

गव्हाणची जमीन सरकारने घेतली आणि त्या पैशांत आयेच्या, म्हणजे मी जिला सांभाळायला राहिले त्या म्हातारीच्या, मुलाने पनवेलला बंगला बांधला. त्या बंगल्यात आयेला मनापासून आवडलेली एकच गोष्ट होती, मागच्या दाराबाहेरचा धुण्याचा दगड. आत काळ्या ग्रॅनाइटचा ओटा होता, वर धूर ओढणारी चिमणी होती, पण मासळी साफ व्हायची ती त्या दगडावरच. मी पाण्याची बादली घेऊन शेजारी बसायचे. कोयतीवर बोंबील धरून आये एका झटक्यात त्याचं डोकं उडवायची आणि तोंडाने चाललेली गोष्ट मध्ये तुटू द्यायची नाही. मी आले तेव्हा त्या वासाने ओढणी नाकाला धरायचे. वाशिमकडची मी; आमच्याकडे मासा म्हणजे तळं आटलं की कुणीतरी घरी आणायचा तेवढाच. पहिल्या आठवड्यात आयेने मला शेजारी बसवून काटे काढायला शिकवलं, लहान मुलीला भरवतात तसं. "डोल्यांनी नको शोधू पोरी, जिभेनं शोध." दोन महिन्यांत मी खाडीच्या चिखलातल्या निवट्यांचं कालवण मागून घ्यायला लागले आणि तांदळाची भाकरी हातावर थापायला शिकले. पावसाळ्यात मला कावीळ झाली तेव्हा सांभाळायला ठेवलेली मी अंथरुणात आणि जिला सांभाळायचं ती सत्तरीची बाई माझ्या उशाशी, असे पंधरा दिवस गेले. पगारी मुलीसाठी कुणी असं करत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे मी जे लिहिणार आहे त्यात राग पुष्कळ आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

मला त्या घरात लावलं माझ्या मावशीने. ती तळोज्याला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. माझी शाळा नववीत सुटली होती आणि गावात राहिले असते तर पुढच्या उन्हाळ्यात लग्न होतं. मावशीने मायला सांगून मला उचलून आणलं, आणि आयेच्या मुलाला म्हणाली, पोरगी सरळ आहे, जबाबदारी माझी. हे वाक्य तिने माझ्यादेखत उच्चारलं. मला ते फार जड वाटायचं. ताट घासताना, औषधाच्या गोळ्या मोजताना, गेटला कडी घालताना मला सारखं वाटायचं की माझ्या हातून काही सुटलं तर मावशीचं वाक्य खोटं पडेल.

आयेच्या मुलाचं नाव भालचंद्र. सगळे भालू म्हणायचे, मी भालूदादा. तो आखातातल्या एका बंदरात टगवर होता. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावायचं ते काम. वर्षातून एकदा महिनाभर यायचा. नवरा गेलेला, मुलगा पाण्यावर, आणि मुली लग्न होऊन उरणच्या बाजूला. घरात आम्ही दोघी, आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या वीणाताई. त्या पुण्याच्या, बँकेत नोकरीला, एकट्या. सकाळी आठला खाली उतरायच्या, "आजी, येते हं," म्हणायच्या आणि संध्याकाळी साडेसातच्या आत कधी परतायच्या नाहीत. शनिवारी तेवढा अर्धा दिवस.

दिवेलागणीची त्या घरात एक पद्धत होती. आयेचं म्हणणं, घरात पहिला उजेड दिव्याचा, मग बाकीचा. नवरा होडी घेऊन जायचा तेव्हापासूनची तिची रीत. गव्हाणच्या घरी दिवा खाडीकडच्या खिडकीत असायचा. पनवेलच्या बंगल्यातून खाडी दिसायची नाही, समोर चार मजली इमारत होती, पण खाडी कुठल्या बाजूला आहे ते आयेला पक्कं ठाऊक होतं आणि त्या बाजूच्या खिडकीत तिने पितळी दिवा ठेवला होता. आता एवढ्या मोठ्या घरात संध्याकाळी कुठे ना कुठे ट्यूब लागलेली असायचीच. गुडघे धरलेल्या बाईने खोल्याखोल्यांतून बटणं बंद करत फिरायचं कसं? म्हणून ती हॉलमधल्या बोर्डाशी जायची, मेन स्विच खाली ओढायची, कमरेची काडेपेटी काढून दिवा लावायची, हात जोडायची आणि स्विच वर करायची. दोन मिनिटांचा खेळ. फ्रिज गप्प व्हायचा, पंखा गरगरत थांबायचा, आणि मी स्वयंपाकघरात अंधारातच कांदा चिरत राहायचे. आमच्या गावी तशीही लाइट दिवसातून दोनदा जायची. मला त्यात वेगळं काही वाटेनासं झालं होतं.

मग आये न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण मांडी काळीनिळी झाली. भालूदादा रजा टाकून आला आणि येताना मनात ठरवूनच आला होता. उरण नाक्यावरच्या एका दुकानातून प्रसाद नावाचा टेक्निशियन आला. त्याने हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि गेटवर कॅमेरे लावले, टीव्हीखाली रेकॉर्डिंगचा डबा ठेवला आणि त्याची वायर राउटरला जोडली. राउटर आधीपासून होता. वीणाताईंना त्याचंच नेट जायचं. भालूदादाला परदेशातून घर बघायचं होतं आणि ते कसं होतं ते प्रसादने चहा घेता घेता समजावलं. ट्रे घेऊन मी तिथेच उभी होते, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. साहेब, बाहेरून बघितलं तर तुमचं अख्खं घर म्हणजे एक नंबर. तो बदलत राहतो, पण त्यासाठी मी तुम्हाला एक नाव घेऊन दिलंय, ते टाकलं की घर सापडेल. घराच्या आत राउटर प्रत्येक वस्तूला वेगळा नंबर देतो. हा डबा आत्ता दोन नंबरवर आहे. तर राउटरला सांगून ठेवायचं, बाहेरून कुणी या दारावर टकटक केलं की त्याला दोन नंबरकडे सोड. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात त्याला. मग त्याने लॅपटॉपवर चित्र उघडलं आणि त्यात ट्रे घेतलेली मी होते. दोघं हसले. मीही हसले. कुठे बघायचं ते मला कळलं नव्हतं.

भालूदादा परत गेला आणि आमचं दिसणं सुरू झालं. आयेला पहिल्यांदा गंमत वाटली. जेवताना ती कॅमेऱ्याकडे ताट तिरपं करून दाखवायची. आपली पाठ मुलाकडे होऊ नये म्हणून तिने खुर्ची फिरवून घेतली आणि त्या पायी टीव्ही मान वळवून बघायला लागली. त्याची ड्युटी सुटली की तो मेसमधल्या कॉम्प्युटरवर बसायचा, तिकडे पावणेपाच, आपल्याकडे सव्वासहा. तेव्हापासून रात्रीच्या जेवणापर्यंत तो घरात असल्यासारखंच होतं. फोन यायचा, आये, स्वेटर घाल. सुमन, कुकरची शिट्टी बदल, वाफ बाजूने जातेय. बारा पंधराशे मैलांवरून त्याला वाफ दिसायची. मला स्वयंपाकघरात मान खाजवायची चोरी झाली. ओढणी सरकली तर हात पिठाचे असतानाही आधी ओढणी. मी कुणाला बोलले नाही. आईची काळजी करणारा मुलगा होता, त्यात वाईट काय आहे, असं मीच मला समजवायचे, आणि खरंच तसं होतंही.

पहिल्या शनिवारी चित्र गेलं ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. दुसऱ्या शनिवारी गेलं तेव्हा भालूदादाने सोमवारी प्रसादला पाठवलं. प्रसादने राउटरची पिन काढली, दहा आकडे मोजले, परत लावली. चित्र आलं. तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. सोमवारी प्रसाद, पिन, दहा आकडे, चित्र. त्या खेपेला त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुम्ही झाडताबिडताना वायर काढता का?" मी म्हणाले नाही. तो म्हणाला, बघा हं, मशीन आपोआप शनिवार पाळत नाही. हे तो हसत म्हणाला. त्याला माझ्याबद्दल काही वैर नव्हतं. त्याला कारण सापडत नव्हतं आणि कारण म्हणून मी समोर उभी होते, इतकंच. आज माझं वय वाढलं, वयाबरोबर बरेच राग निवले, हा निवलेला नाही. स्वतःला न येणाऱ्या गोष्टीचं खापर फोडायला माणूस हाताशी असणं किती सोयीचं असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

चौथ्या आठवड्यात रविवारी सकाळी फोन आला. आये दगडावर कोलंबी सोलत होती, म्हणून मी उचलला.

"सुमन, खरं सांग. शनिवारी घरी कोण येतं?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणाले, शनिवारी वीणाताई लवकर येतात.

"त्यांचं नाय विचारत मी. तुला कळतंय मी काय विचारतोय. शनिवारी संध्याकाळी कॅमेरा बंद होतो, सोमवारपर्यंत बंद असतो. प्रसाद बोलतो कोणतरी वायर काढतंय. आयेला नीट दिसत नाय, तिला काय कळणार? कोण येतं?"

आणि मी काय बोलले असेन? मी म्हणाले, "चुकलं असेल दादा काही."

ते का बोलले ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारते. त्या घरचं मीठ होतं अंगात, कावीळ होती, पंधरा दिवस उशाशी बसलेली आये होती. मोठ्या माणसाचा आवाज चढला की तोंडातून आपसूक तेच निघायचं, तशी सवय लावलेली होती आम्हाला. भालूदादा म्हणाला, म्हणजे कुणीतरी येतं. त्याने आदल्या रात्रीच मावशीला फोन करून हे सांगितलंही होतं. दिवाळीनंतर दुसरी बाई बघतोय, तोवर नीट राहा, असं सांगून त्याने फोन ठेवला. मागून आयेने विचारलं, कोनाचा होता गो? मी सांगितलं, दादाचा, तुझी तब्येत विचारत होता.

त्या दुपारी मी नारळ खवायला बसले. विळीवर एक नारळ झाला, दुसरा झाला, तिसरा घेतला. आये बघत होती. एवढं खोबरं कशाला, असं तिने विचारलं नाही. माझा राग भालूदादावर होता, प्रसादवर होता, न विचारता विश्वास ठेवणाऱ्या मावशीवर होता, आणि वर भिंतीच्या कोपऱ्यात लाल ठिपका लावून बसलेल्या त्या डोळ्यावर होता, ज्याने मला दिवसभर बघितलं होतं आणि जो माझ्या बाजूने एक शब्द बोलणार नव्हता. पण सगळ्यात जास्त राग माझ्या तोंडावर होता. नाही म्हणायचं होतं तिथे ते तोंड माफी मागून बसलं होतं.

स्वयंपाकघरात दाराआड कॅलेंडर होतं. त्यात मी दुधाचे खाडे लिहायचे. ज्या दिवशी दूधवाला आला नाही त्या चौकोनात फुली. कोणत्या दिवशी प्रसाद आला, कोणत्या दिवशी चित्र गेलं, तेही मी त्याच सवयीने टिंब देऊन ठेवलं होतं. संध्याकाळी मी ते पान खिळ्यावरून काढून ओट्यावर घेतलं. टिंबं शनिवार-रविवारी होती, ते तर तोही म्हणत होता. पण एक टिंब बुधवारी होतं. त्या बुधवारी चित्र एकच दिवस गेलं आणि गुरुवारी संध्याकाळी आपलं आपण आलं, प्रसादला बोलवावंच लागलं नाही. तो बुधवार लाल होता. ईद. मी त्या लाल आकड्याकडे बघत राहिले. माझ्या सुट्टीचे दिवस लाल नव्हते, मला सुट्टीच नव्हती. लाल दिवशी संध्याकाळी घरात जास्तीचं माणूस असायचं ते वरच्या मजल्यावर.

मी वर गेले. वीणाताईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या की भालचंद्रांचा स्वभाव कडक आहे पण मनाने चांगले आहेत, आणि मी भाडेकरू, मी कशाला मध्ये पडू. अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मी म्हणाले, मध्ये पडू नका, तुमच्या लॅपटॉपला राउटर कितवा नंबर देतो तेवढा मला दाखवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नववी नापास मुलीने हा प्रश्न विचारावा असं त्यांना वाटलं नसावं. नापास नव्हते मी, शाळा सुटली होती. पण तेही सांगायची ती वेळ नव्हती.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप उघडून ठेवला आणि मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले. राउटरचं पान उघडायला प्रसादने तीन वेळा बोटं चालवली होती ती मला पाठ होती: मध्ये तीन टिंबं असलेला आकड्यांचा पत्ता, मग दोन्हीकडे एकच शब्द, अ‍ॅडमिन. इंग्रजी मला अक्षर अक्षर लावून वाचता यायचं. आत एक यादी निघाली. दोनवर रेकॉर्डिंगचा डबा, तीनवर वीणाताई. बरोबर होतं. सव्वासहा वाजले. खालून फ्रिज बंद झाल्याचं मला कळलं, घरभर एक गुणगुण असते ती थांबते. नेट गेलं. वीणाताई म्हणाल्या, मी घरी असले की याच वेळेला कसं जातं देव जाणे. त्यांचा मीटर वेगळा, त्यांच्याकडे दिवे चालू. दोन मिनिटांनी खाली परत गुणगुण सुरू झाली, राउटरचे दिवे एकेक लागले असणार, लॅपटॉप जागाच होता, त्याने लगेच हात पुढे केला. यादी पुन्हा उघडली. दोनवर वीणाताई. रेकॉर्डिंगचा डबा सावकाश जागा झाला आणि त्याच्या वाट्याला तीन आला.

मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. अंगणवाडीत पंगत बसते तसं होतं ते. लाइट गेली की सगळे उठतात, आली की जो आधी येईल त्याला पहिली जागा. इतर दिवशी वीणाताई घरी नसायच्या, डब्याला दोन मिळायचा. शनिवारी त्या असायच्या. भालूदादा तिकडून टकटक करायचा, राउटर बिचारा सांगितल्याप्रमाणे त्याला दोन नंबरकडे सोडायचा, आणि दोन नंबरवर वीणाताईंचा लॅपटॉप, तो कशाला दार उघडतोय? प्रसाद सोमवारी यायचा तेव्हा वीणाताई बँकेत. पिन काढली, लावली, डब्याला दोन मिळाला, चालू. आणि प्रसाद शहाणा ठरायचा आणि मी चोर.

मग मी खाली आले. डब्यात मागचं रेकॉर्डिंग बघायचं बटण असतं हे मला त्याच आठवड्यात वीणाताईंनी सांगितलं होतं. आये न्हाणीघरात होती. मी मागचा शनिवार काढला, त्याच्या मागचाही. दोन्हीकडे तेच. आये खुर्चीतून उठते, गुडघ्यावर हात ठेवून एकदा थांबते, पदर खोचते, काडेपेटी चाचपते. बोर्डाकडे जाताना वर कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते, आवाज नाही, ओठ हलतात फक्त. मग हात वर जातो आणि चित्र तुटतं. जुळतं तेव्हा खिडकीत दिवा असतो आणि ती खुर्चीकडे परत चाललेली असते. मी ते दोन-तीनदा बघितलं. तो दिवा भालूदादासाठी होता. ती रोज संध्याकाळी त्याचं नाव घेऊन तो लावायची.

आता सांगायचं कसं? तुमच्या आईमुळे, म्हणायचं? पडल्यापासून त्याने तिला दगडावर बसू नको, तेल सांडू नको, बोर्डाला हात लावू नको असे दहा नियम घातले होते. हे कळलं असतं तर त्याने बोर्डाला कुलूप घातलं असतं, आणि तिकडून बघत बसला असता कुलूप आहे का म्हणून. मी ठरवलं, आपण गुपचूप दुरुस्त करू. वीणाताई आता मध्ये पडल्या होत्या, चांगल्याच पडल्या होत्या; त्यांनी बँकेतल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारून आणलं. डब्याचा नंबर राउटरला वाटू द्यायचा नाही, आपणच ठरवून टाकायचा, आणि पंगत तिथवर कधी पोचणार नाही इतका लांबचा. आम्ही दोनशे टाकला. डब्याच्या मेनूत नंबर आपोआप घे असा एक टिकमार्क होता तो काढला, हाताने दोनशे लिहिलं. मग राउटरच्या पानावर जिथे दारावर येणाऱ्याला दोनकडे सोड असं होतं तिथे दोन पुसून दोनशे. सेव्ह. पाच मिनिटांचं काम. एका टिकमार्कवर माझी अब्रू टांगलेली होती, आणि तो टिकमार्क प्रसादच्या आळसाने राहिला होता.

पुढचा शनिवार आला, आयेने दिवा लावला, चित्र दोन मिनिटं गेलं आणि परत आलं. रविवारीही आलं. रविवारी संध्याकाळी फोन वाजला.

"बघ," भालूदादा म्हणाला, आवाजात राग नव्हता, मोठ्या भावासारखा बोलत होता. "बोललो की होतं सगळं सरळ. जाऊ दे आता. दिवाळीनंतर मी बघतो, नीट राहिलीस तर ठेवू."

मी गप्प राहिले असते तर माझी नोकरी वाचत होती, आणि शनिवारी कुणीतरी यायचं आणि दटावल्यावर यायचं थांबलं, हे कायमचं खरं होत होतं. आये समोर बसून लसूण सोलत होती. तिच्याकडे पाठ करून मी आवाज खाली आणला.

"दादा, तुम्ही तिथून रेकॉर्डिंग बघू शकता ना? गेल्या सगळ्या शनिवारचं सव्वासहाचं उघडा. घरी कोण येतं ते बघा. बघून झालं की मला फोन करू नका, मावशीला करा."

फोन मी ठेवला. त्या घरात फोन मी पहिल्यांदा आधी ठेवला. लसूण वेचायला आयेच्या शेजारी बसले आणि सोललेल्या पाकळ्या सालांच्या ढिगात टाकत राहिले. ती म्हणाली, "काय झाला गो?" मी म्हणाले, काही नाही. ती म्हणाली, "त्याचा बाप पन असाच बोलायचा. मी त्याला जेवायला नाय वाढायची." म्हणजे तिला आधीपासून सगळं कळत होतं. तिला दिसत नसेल, ऐकू चांगलं यायचं.

तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी प्रसाद एक जड बॅटरीचा डबा घेऊन आला. तो राउटरला लावला म्हणजे मेन स्विच पाडला तरी राउटर, कॅमेरे आणि रेकॉर्डिंग चालू राहणार. साहेबांनी सांगितलं, लाइट गेली तरी चित्र जाता कामा नये. त्याने राउटरचं पान उघडलं, दोनशे पाहिलं आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणाले, मी. जाताना त्याने बॅटरीच्या डब्यावर चिकटपट्टी लावली आणि पेनाने लिहिलं, हात लावू नये.

त्या आठवड्यापासून दिवेलागणीला सगळं घर अंधारायचं आणि त्या अंधारात टीव्हीखाली फक्त हिरवे ठिपके लुकलुकायचे. भालूदादाला दिवा लावताना ती दिसायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिला तो कधी त्याबद्दल बोलला नाही. बोर्डाला कुलूप लागलं नाही. दुसरी बाई आली नाही. मी त्या घरात आये जाईपर्यंत राहिले, तिला शेवटचं पाणी मी पाजलं, आणि भालूदादाने माझ्या लग्नात भावाच्या जागी उभं राहून अक्षता टाकल्या. हे सगळं मी विसरलेले नाही. आज माझ्या हाताखाली म्हाताऱ्या माणसांकडे राहणाऱ्या सोळा मुली आहेत. कॅमेरा बंद होता अशी तक्रार आली की मी मुलीला काही विचारत नाही, स्वतः जाते आणि पहिल्यांदा घरच्यांना विचारते, संध्याकाळी तुमच्याकडे कोण काय बंद करतं?

पण मावशीला त्याने फोन केला नाही. मी दोनदा आठवण केली, हो हो, सांगतो म्हणाला. त्याच्या लेखी विषय मिटला होता. मावशीनेही मला कधी विचारलं नाही, फक्त भेटायला यायची थांबली, आणि दोन वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेली. भालूदादाचा तो पहिला फोन तिने मायला सांगितलेला आहे हे मला त्याच वर्षीच्या दिवाळीला गावी गेले तेव्हा कळलं. माय चुलीपुढे बसली होती, माझ्याकडे न बघता लाकूड आत सारत म्हणाली, "शनवारी कोन येत जाय वं तिथं?"

मी सगळं सांगितलं. बाहेरचा एक नंबर, आतले वेगवेगळे नंबर, दारावर टकटक, आयेचा दिवा, मेन स्विच, वीणाताईंचा लॅपटॉप, दोन आणि तीन आणि दोनशे. राखेत काडीने काढून दाखवलं. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं की हे किती लांबलचक आहे, आणि एवढं लांब कोण कशासाठी बोलतं. तिच्यापर्यंत जे आधी पोचलं होतं ते चार शब्दांचं होतं.

मायने शेवटपर्यंत ऐकलं. मग भाकरी उलटली आणि म्हणाली, "बरं."

तिने दुसरं काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.